हॉर्सपॉवर की टिकाऊपणा? अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचा वाद आपणही का समजून घ्यायला हवा?

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रॅम कंपनीने एक उलटाच निर्णय जाहीर केला. आपल्या '१५००' या पिकअप ट्रकमधून काढून टाकलेलं जुनं ५.७ लिटरचं 'हेमी' व्ही-८ इंजिन कंपनीने परत आणलं.

यात उलटं काय? हे जुनं इंजिन ३९५ हॉर्सपॉवरचं. त्याच्या जागी आणलेलं ३ लिटरचं नवं ट्विन-टर्बो 'हरिकेन' इंजिन ४२० हॉर्सपॉवरचं, आणि त्याचंच वरचं मॉडेल थेट ५४० हॉर्सपॉवरचं. म्हणजे लोक कमी ताकदीचं इंजिन मागत होते. कंपनीच्या म्हणण्यानुसार पहिल्या २४ तासांतच १० हजारांहून जास्त ऑर्डर आल्या.

यात व्ही-८ च्या आवाजाचं प्रेम आहेच. पण त्यामागे एक भीतीही आहे. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत नव्या, दमदार पिकअपची इंजिनं चालता चालता बंद पडण्याची मोठी प्रकरणं झाली आहेत, आणि त्यातलं एक नाव आहे टोयोटा. टिकाऊ गाडी म्हटलं की जे नाव पहिलं घेतलं जातं, तेच.

नेमकं झालं काय?

टोयोटाचा 'टुंड्रा' हा मोठा पिकअप ट्रक. २००७ ते २०२१ या काळात त्यात ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन मिळायचं. ताकद ३८१ हॉर्सपॉवर. पेट्रोल पिणारं, पण टिकणारं अशी त्याची ओळख. २०२२ च्या मॉडेलपासून ते गेलं आणि साधारण साडेतीन लिटरचं व्ही-६ ट्विन-टर्बो इंजिन आलं. कागदावर हे सगळ्याच बाबतीत सरस होतं. हॉर्सपॉवर ३८९ पर्यंत, टॉर्क ५४४ वरून ६४९ न्यूटन मीटर आणि तोही कमी आरपीएमला. ॲव्हरेजही लिटरला साधारण ६ किलोमीटरवरून ८ च्या आसपास गेलं.

मग मे २०२४ मध्ये टोयोटाला अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण असं सांगितलं गेलं की, कारखान्यात इंजिनाचे भाग कापताना-घासताना तयार होणारे धातूचे बारीक कण पूर्ण साफ न होता आतच राहिले. हे कण क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला चिकटले आणि इंजिनावर मोठा लोड येत राहिला, तर बेअरिंग खराब होतं आणि इंजिन चालू गाडीत बंद पडू शकतं. टोयोटाने थेट इंजिनं बदलून द्यायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कारणासाठी आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला.

कमी लिटरमधून जास्त ताकद येते कुठून?

इंजिनाची ताकद वाढवायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे इंजिन मोठं करा. दुसरा म्हणजे इंजिन लहान ठेवा आणि त्यात हवा दाबून भरा. दुसरं काम टर्बो करतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या झोतावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून मोठा स्फोट.

पण हा स्फोट सहन करायला धातू तेवढाच असतो. म्हणून फक्त हॉर्सपॉवर न बघता एक लिटरमागे किती हॉर्सपॉवर काढली आहे, हे बघितलं की चित्र स्पष्ट होतं.

– टुंड्राचं जुनं ५.७ लिटर व्ही-८ : लिटरमागे सुमारे ६७
– टुंड्राचं नवं ट्विन-टर्बो व्ही-६ : सुमारे ११३
– रॅमचं हरिकेन, ५४० हॉर्सपॉवरचं : सुमारे १८०

लिटरमागे ताकद वाढली की इंजिनातली उष्णता वाढते, दाब वाढतो आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. इंजिन चालू असताना क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना घासत नाहीत, त्यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. भार जेवढा जास्त, तेवढं त्या थरावर सगळं अवलंबून. मग जी बारीकशी चूक एखादं ढिल्या अंगाचं जुनं इंजिन पचवून टाकतं, ती ताणलेल्या इंजिनाला महागात पडते. टोयोटाच्या स्पष्टीकरणात 'कण' आणि 'लोड' हे दोन्ही शब्द होते, हे इथे महत्त्वाचं.

म्हणजे टर्बोच गुन्हेगार?

इथेच थांबलो तर निष्कर्ष सोपा आहे. जुनं, मोठं, बिनटर्बोचं इंजिन घ्या आणि निर्धास्त राहा. पण एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने या समजाला धक्का दिला.

जीएमने ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेल्या जगभरातल्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या रिकॉल केल्या. यात शेव्हरोले सिल्व्हरॅडो, जीएमसी सिएरा हे पिकअप होते आणि टाहो, एस्कलेडसारख्या एसयूव्हीही. हे इंजिन बिनटर्बोचं, ४२० हॉर्सपॉवरचं. लिटरमागे हिशोब काढला तर ६८. म्हणजे टुंड्राच्या त्या भरवशाच्या जुन्या इंजिनाइतकाच!

तरीही ते बंद पडत होतं. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या ऑइलच्या वाटांमध्ये राहिलेला गाळ, आणि ठरलेल्या मापात न बसणारे क्रँकशाफ्ट, ही कारणं समोर आली. कंपनीच्या अंदाजानुसार रिकॉल केलेल्या गाड्यांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास गाड्यांमध्येच प्रत्यक्ष दोष असेल. पण आपली गाडी त्या ३ टक्क्यांत आहे की नाही, हे मालकाला हायवेवर कळणार असेल तर आकडा लहान वाटत नाही.

जीएमचा उपायही बघण्यासारखा आहे. तपासणीत नापास झालेल्या गाड्यांचं इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. पास झालेल्या गाड्यांमध्ये ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० हे जाड ऑइल घालायचं. म्हणजे इंजिन तेच, फक्त ऑइलचा थर जाड.

आणि ज्या हेमीसाठी लोकांनी रांग लावली, त्याच्याही कॅमशाफ्ट आणि लिफ्टर झिजण्याच्या तक्रारी अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांना वर्षानुवर्षं माहीत आहेत. त्यामुळे व्ही-८ म्हणजे अमर, हा समज सोडलेलाच बरा.

थोडक्यात काय, तर ताकद एकटी इंजिन मारत नाही. पण ताकद जितकी ताणून काढाल, तितकी चुकीला जागा कमी राहते. आणि कारखान्यात चूक झालीच, तर साध्या इंजिनालाही ती सोडत नाही.

पातळ ऑइल आणि लहान इंजिनं आली कशासाठी?

यात सरकारी नियमांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत १९७५ पासून 'कॅफे' नावाचे नियम आहेत. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज एका मर्यादेच्या वर असायला हवं, नाहीतर दंड. मोठे पिकअप विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक थेंब वाचवावा लागतो. लहान इंजिन, टर्बो, पातळ ऑइल आणि गरज नसताना काही सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा हे सगळं त्यातूनच आलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने कायदा करून हा दंड शून्यावर आणला. रॅमने हेमी परत आणण्याचा काळही हाच, हे लक्षात घ्या.

पण सगळा दोष नियमांवर ढकलता येत नाही. जाहिरातीत हॉर्सपॉवर आणि किती टन ओढते हेच छापलं जातं, कारण ते पहिल्या दिवशी मोजता येतं. इंजिन दहा वर्षं टिकेल का, हे दहा वर्षांनीच कळतं.

२०१६ मध्ये अमेरिकेत एक २००७ ची टुंड्रा बातम्यांमध्ये आली होती. तिने १० लाख मैल, म्हणजे सुमारे १६ लाख किलोमीटर पूर्ण केले होते, तेही मूळ इंजिनावर. टोयोटाने ती गाडी अभ्यासासाठी घेतली आणि मालकाला नवी दिली. तिच्यात त्या मॉडेलमधलं मोठं ५.७ लिटरचं इंजिन नव्हतं. होतं ४.७ लिटरचं, २७१ हॉर्सपॉवरचं. शिवाय गाडी बहुतेक हायवेवर पळालेली आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं. टिकाऊपणात इंजिनाइतकाच वाटा वापरणाऱ्याचाही असतो, तो असा.

रिकॉल झाला म्हणजे प्रश्न सुटला का?

नाही. रिकॉल हा सुरक्षेसाठी असतो, टिकाऊपणासाठी नाही. टुंड्राच्या २०२४ च्या रिकॉलमध्ये हायब्रिड मॉडेलं घेतली नव्हती. कारण असं की, हायब्रिडमध्ये इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक मोटरवर गाडी थोडं अंतर जाऊन बाजूला लागू शकते. सुरक्षेच्या भाषेत धोका कमी. पण खिशाच्या भाषेत? इंजिन गेलं ते गेलंच.

भारतातही हाच तर्क लागू आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या ११०-ए या कलमानुसार सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, पण तो पर्यावरणाला किंवा रस्त्यावरच्या माणसांना धोका असेल तेव्हा. इंजिन लवकर झिजलं, एवढ्यावर नाही.

आपल्याकडे चित्र काय आहे?

अमेरिकेत पिकअप ही बऱ्याच जणांची घरची गाडी असते. आपल्याकडे पिकअप म्हणजे पोटापाण्याची गाडी. पहाटे भाजी भरून मार्केट यार्डला, परतीला मिळेल ते भाडं. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत अडीच लिटरचं डिझेल इंजिन असतं आणि ताकद साधारण ७० ते ८० हॉर्सपॉवर. लिटरमागे जेमतेम ३०. त्यातही टर्बो आहेच, पण हळू दमाने काम करणारा. हीच गाडी दीड-दोन टन माल वाहते. म्हणजे ओझं वाहायला शेकडो हॉर्सपॉवर लागत नाहीत, कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क आणि योग्य गिअर लागतात. जास्त ताकद लागते ती वेगासाठी आणि ओझ्यासकट घाट जोरात चढण्यासाठी.

पण वारं आपल्याकडेही तेच आहे. इसुझूच्या व्ही-क्रॉसचं जुनं इंजिन अडीच लिटरचं, १३४ हॉर्सपॉवरचं होतं. बीएस-६ नंतर १.९ लिटरचं, १६३ हॉर्सपॉवरचं आलं. लिटरमागचा आकडा ५४ वरून ८६ वर गेला. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. गाडी सतत गावातल्या गावात, कमी वेगात फिरली तर तो चोक होतो. यामुळे हवा स्वच्छ राहते, हे खरंच आहे. पण बिघडू शकणाऱ्या वस्तूंची यादीही लांबली.

आणि पोटापाण्याच्या गाडीचं इंजिन बसलं तर फक्त गॅरेजचं बिल येत नाही. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, आणि बांधलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडे जातं.

मग गाडी घेताना बघायचं काय?

१. लिटरमागे हॉर्सपॉवर किती? हॉर्सपॉवरला लिटरने भागा. आकडा मोठा म्हणजे गाडी वाईट असं नाही, पण ऑइल आणि सर्व्हिसिंगमध्ये हयगय चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

२. टॉर्क किती आरपीएमला मिळतो? ओझं वाहणाऱ्यासाठी हा आकडा हॉर्सपॉवरपेक्षा कामाचा.

३. इंजिन बाजारात येऊन किती वर्षं झाली? टुंड्राच्या पहिल्या रिकॉलमध्ये नव्या इंजिनाची पहिली दोन वर्षं होती. घाई नसेल तर दोन-तीन वर्षं थांबणं शहाणपणाचं.

४. वॉरंटी किती? अमेरिकेत टोयोटा आणि जीएम पॉवरट्रेनला ५ वर्षं किंवा ६० हजार मैल देतात. रॅमने २०२६ च्या मॉडेलसाठी १० वर्षं किंवा १ लाख मैल जाहीर केली. तीही जाहिरातच, पण अशी जाहिरात की जी चुकली तर पैसे कंपनीचे जातात. अटी मात्र वाचा. ओव्हरलोडिंग आणि चुकलेलं सर्व्हिसिंग यांवर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

५. तुमचा मिस्त्री ते इंजिन उघडू शकतो का? तालुक्याच्या गावात स्पेअर पार्ट मिळतात का? शोरूममध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही, रस्त्यात गाडी बंद पडली की पहिला हाच आठवतो.

हौस म्हणून पिकअप घेणाऱ्याने जास्त हॉर्सपॉवर खुशाल घ्यावी, तो आनंद खोटा नाही. पण ज्याचं घर गाडीवर चालतं, त्याच्यासाठी हिशोब वेगळा आहे. घाटात दोन मिनिटं उशिरा पोचलेली गाडी परवडते, महिनाभर गॅरेजमध्ये उभी असलेली परवडत नाही.

तुमच्याकडे पिकअप असेल तर किती किलोमीटर झाले आणि इंजिनाचं काम कधी काढावं लागलं, हे कमेंटमध्ये नक्की सांगा. नवी गाडी घेणाऱ्याला ब्रोशरपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.