पाच बोटांचे माप

आपल्या भाषेला बाळंतपणासाठी दोन क्रियापदे पुरतात. बाई 'अडली', नाही तर 'मोकळी झाली'. वास्तविक पुष्कळदा अडलेले असते ते बाळाचे डोके. पण बोल बाईला! ते डोके नेमके कोठवर उतरले आहे, हे ओळखावे कसे?

एक रीत आतून तपासण्याची. कटीच्या हाडांत दोन्ही बाजूंस एकेक टोक आत आलेले असते. त्या टोकांची पातळी म्हणजे शून्य. डोके वर असले की उणे, खाली आले की अधिक, मोजायचे सेंटिमीटरांत. हिशेब चोख, पण बोट फसते. कळा लांबल्या की बाळाच्या डोक्यावरच्या कातडीला सूज येते, कवटीची हाडे एकमेकांवर चढतात, डोके लांबट होते. बोटाला लागते ती सूज, आणि तपासणारा म्हणतो, "आले, आले!" कवटीचा रुंद भाग मात्र वरच राहिलेला असतो. अशा वेळी चिमटा लावून ओढू लागले, तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते.

दुसरी रीत आपल्या आजीबाईंना पसंत पडावी अशी. दोन कळांच्या मध्ये पोट सैल असताना ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या वर हात ठेवावा. डोके पाच बोटे लागले तर ते सगळे वरच आहे. दोन बोटे किंवा त्याहून कमी लागले, तर रुंद भाग आत शिरला. या पंचमांशांची पद्धत क्रिक्टन यांनी १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत सविस्तर मांडली. त्याआधी १९७२ साली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट व कॅसल यांनी प्रसूतीची प्रगती आलेखावर उतरविली होती. दूरच्या केंद्रातील सुईणीला बाई मोठ्या रुग्णालयात केव्हा धाडावी हे कळावे म्हणून! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या तक्त्यातही हे पंचमांश आहेत.

आमच्या जुन्या सुइणीही पोट चाचपीत; पण त्यांच्या हाताचे ज्ञान कागदावर आले नाही. कागदाचे महत्त्व येथेच आहे. कळा जोरात आहेत, चार तासांपूर्वी चार बोटे होती आणि आताही चारच आहेत, हे लिहिलेले असले, म्हणजे उपकेंद्रातील परिचारिकेला घरच्यांशी वाद घालीत बसावे लागत नाही. ती गाडी मागविते.