अंक जुना, प्रश्न नवा : बुलेटच्या जेटविषयी काही विचार

१/ आजचा धागा एका अशा वस्तूविषयी आहे, जी तळहातावर ठेवली तर वाटाण्याहून फारशी मोठी दिसत नाही. पितळेचा छोटासा स्क्रू, त्याच्या मधोमध आरपार गेलेले बारीक छिद्र आणि अंगावर कोरलेला एक अंक. जुन्या मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरमधील हा जेट. गाडीला नवा सायलेन्सर लावला किंवा एअर फिल्टर बदलला, की पहिला प्रश्न येतो तो याचाच : आता कितीचा जेट टाकायचा?

२/ या प्रश्नावर जुन्या गाड्यांच्या शौकिनांत सरळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला अंक म्हणजे शेवटचा शब्द. दुसरा म्हणतो, जेट जितका मोठा तितकी ताकद जास्त. माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात : ते अंकाकडे उत्तर म्हणून पाहतात आणि मूळ प्रश्न काय होता हे विसरतात. जुन्या गाडीत जपायचे असते ते हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण. अंक हे त्या प्रमाणापर्यंत पोहोचण्याचे केवळ साधन. हे मत का, ते इतिहासाच्या आधारे मांडतो.

३/ आधी तत्त्व समजून घेऊ. नळी अरुंद केली की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे खालच्या टाकीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. हे तुषार पद्धतीचे कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, तर हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. पेट्रोल किती यायचे हे ठरवणारे ते छिद्र म्हणजेच जेट.

४/ इंग्लंडमध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन कार्ब्युरेटर-उत्पादक १९२७ मध्ये एकत्र आले आणि बर्मिंगहॅमची ‘अमाल’ ही कंपनी जन्मली. पुढची चार दशके ब्रिटिश मोटारसायकल आणि अमालचा कार्ब्युरेटर यांची जोडी जवळजवळ अतूट राहिली. १९५० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या त्यांच्या ‘मोनोब्लॉक’मध्ये मुख्य नळी आणि फ्लोट चेंबर एकाच ओतकामात होते, म्हणून ते नाव. १९६७ मध्ये ‘कॉन्सेंट्रिक’ने त्याची जागा घेतली.

५/ आता अंकाचा अर्थ. अमालच्या मेन जेटवरचा १८० हा आकडा छिद्राचा व्यास सांगत नाही. ठरावीक दाबाखाली त्या जेटमधून दर मिनिटाला किती घनसेंटीमीटर द्रव वाहतो, ते तो सांगतो. इटलीच्या डेलॉर्टोच्या जेटवरचा आकडा मात्र व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. त्यामुळे प्रवाहाच्या मापात १०० वरून ११० वर गेलात तर पेट्रोल १० टक्के वाढते. व्यासाच्या मापात तीच उडी घेतलीत तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढते! ‘दोन नंबर वरचा टाक’ हा सल्ला म्हणूनच कार्ब्युरेटरचे नाव विचारल्याशिवाय निरर्थक ठरतो.

६/ दुसरा गैरसमज याहून व्यापक आहे. कार्ब्युरेटरमध्ये राज्य एकट्या मेन जेटचे नसते. अमालच्या शिकवणीनुसार थ्रॉटल बंद असल्यापासून एक-अष्टमांशापर्यंत सत्ता पायलट जेटची. तेथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या कापलेल्या कडेची. पावापासून पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडल आणि नीडल जेटची. मेन जेटचा अंमल खऱ्या अर्थाने पाऊण थ्रॉटलच्या पुढे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरच्या गर्दीत बुलेट कितीदा पाऊण थ्रॉटलच्या पुढे जाते, याचा प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचार करावा. गर्दीत गाडी धक्के मारते म्हणून मेन जेट बदलणे म्हणजे दुखणे गुडघ्याचे आणि मलम खांद्याला.

७/ म्हणूनच अमालने जुळणीचा क्रमही घालून दिला होता : आधी पूर्ण थ्रॉटलवर मेन जेट, मग पायलट, मग स्लाइडची कड, मग नीडलची उंची आणि शेवटी पुन्हा एकदा पायलट. प्रत्येक टप्पा शेजारच्या टप्प्यावर थोडे अतिक्रमण करतो, हे त्यामागचे कारण. सात दशकांपूर्वीच्या गाड्यांसाठीचा हा क्रम आजही जसाच्या तसा लागू आहे, कारण भौतिकशास्त्र बदललेले नाही.

८/ ‘मोठे ते उत्तम’ म्हणणाऱ्यांसाठी इतिहासात एक चांगला धडा आहे : बीएसए गोल्ड स्टार, १९५६ पासूनचे डीबीडी ३४ मॉडेल. ४९९ सीसीचे एकच सिलिंडर आणि त्याला दीड इंची तोंडाचा अमाल जीपी कार्ब्युरेटर. शर्यतीच्या रस्त्यावर ही गाडी राज्य करीत असे. पण तीच गाडी सिग्नलला मंद गतीवर स्थिर उभी राहण्याबाबत कुप्रसिद्ध होती, आणि उंच पहिल्या गिअरमुळे शहरात क्लच घसरवत न्यावी लागे. तिच्या निर्मात्यांनी जाणूनबुजून पूर्ण थ्रॉटलसाठी पाव थ्रॉटलचा बळी दिला होता. ज्याला शर्यत धावायची नाही, त्याने हा सौदा का करावा?

९/ आता आपल्या बुलेटकडे येऊ. रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी मद्रास मोटर्सने १९५५ मध्ये भागीदारी केली आणि एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. इंग्लंडमधील उत्पादन १९७० पर्यंत थांबले, इथले चालूच राहिले. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी : ही मापे दशकानुदशके टिकली. कार्ब्युरेटर मात्र बदलला. आधी अमालच्या घराण्यातला मोनोब्लॉक, नंतर मिकार्बचा व्हीएम २४. हा दुसरा जपानच्या मिकुनीच्या बांधणीचा आणि मिकुनीने आपली विद्या घेतली ती अमालच्याच परवान्यातून. म्हणजे दोन्ही एकाच कुळातले, पण एकाचे जेट दुसऱ्यात बसत नाहीत आणि एकाचे अंक दुसऱ्याला लावता येत नाहीत.

१०/ पुस्तिकेतला अंक ठरवताना अभियंत्यांनी काय गृहीत धरले होते? कारखान्याचा सायलेन्सर. कारखान्याचा एअर फिल्टर. नवी, घट्ट बसणारी नीडल आणि न झिजलेला नीडल जेट. आणि त्या काळचे पेट्रोल. यांतले एकही गृहीतक बदलले की तोच अंक दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर ठरतो. मूळपणाच्या आग्रहाने जुना अंक जपणारा माणूस बहुधा अंक तेवढा जपतो आणि मूळ मिश्रण हरवून बसतो.

११/ सर्वांत मोठा बदल पेट्रोलमध्ये झाला आहे. २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर अलीकडे आणले गेले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. आधुनिक इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या आधारे हा फरक स्वतःच भरून काढते. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही. छिद्र तेच, म्हणून पेट्रोल तेवढेच, आणि मिश्रण सुमारे सात टक्क्यांनी लीन, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

१२/ याच्या उलट परिणाम उंचीचा. वर चढावे तशी हवा विरळ होते आणि मिश्रण रिच होत जाते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे मिश्रण सहा-सात टक्क्यांनी रिच होते. गंमत पाहा : नव्या इंधनाने आणलेली तूट आणि घाटाने दिलेली भर जवळपास एकमेकींना फेडतात. मुंबईत कुरकुरणारी गाडी महाबळेश्वरी गोड चालू लागली, तर ते थंड हवेचे कौतुक समजू नये. तो जेटविषयीचा पुरावा समजावा.

१३/ हे सारे केवळ शौकिनांचे चोचले आहेत काय? मुळीच नाही. फार लीन मिश्रणावर भरधाव चालवलेले इंजिन तापते, पिस्टन जाम होतो, प्रसंगी त्याला भोकही पडते. फार रिच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि रिंगा झिजवते. साठ वर्षांपूर्वीचे इंजिन नव्याने ओतले जाणार नाही. चुकीच्या जेटची किंमत पितळेच्या एका तुकड्याएवढी नसते, कधी ती संपूर्ण गाडीएवढी असते.

१४/ मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांची भीती मी समजू शकतो. ‘मॉडिफिकेशन’च्या नावाखाली कित्येक चांगल्या गाड्यांचे मडगार्ड, टाक्या आणि हँडल भंगारात गेले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीही ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ मानताना ती मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत व इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट घातली आहे. ती योग्यच आहे. पण जेट हा आट्यांनी बसणारा, बदलण्यासाठीच बनवलेला भाग आहे. अमालने निरनिराळ्या अंकांचे जेट विकले ते कशासाठी? बदलत्या परिस्थितीत बदलता यावेत म्हणूनच.

१५/ विरोध करायचाच तर एका रूढ प्रथेला करावा : तारेने किंवा बारीक ड्रिलने जेटचे छिद्र मोठे करणे. असे केल्यावर अंगावरचा अंक खोटा ठरतो आणि पुढच्या मालकाला आपल्या गाडीत काय आहे हे कधीच कळत नाही. जेट बदलणे हा दुरुस्त करता येणारा निर्णय आहे. जेट कोरणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड. तीच गोष्ट झिजलेल्या नीडल जेटची : त्यामुळे गाडी रिच चालते आणि लोक लहान मेन जेट टाकून एका दोषावर दुसरा दोष चढवतात.

१६/ मग करावे काय? आधी झिजलेले भाग बदला, हवेची गळती बंद करा, फ्लोटची पातळी तपासा. मग सायलेन्सर, फिल्टर वगैरे जे बदलायचे ते बदलून संपवा. त्यानंतरच जेटला हात लावा, अमालच्या क्रमाने आणि एका वेळी एकच पायरी. पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवून, क्लच दाबून, इग्निशन त्याच क्षणी बंद करा आणि प्लग पाहा : काळी काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, बिस्किटी रंग समाधानकारक. आजच्या इंधनात प्लगचा रंग पूर्वीइतका स्पष्ट बोलत नाही, म्हणून इंजिनाच्या आवाजाची आणि तापमानाची साक्षही काढा. गर्दीतला धक्का मात्र नीडल एक खाच वर घेऊन किंवा पायलटचा हवेचा स्क्रू किंचित आत फिरवूनही जाऊ शकतो.

१७/ आणि काढलेला जुना जेट फेकू नका. एका पाकिटात ठेवा. वर तारीख, जुना अंक, नवा अंक आणि बदलाचे कारण लिहा. गाडी आपल्यानंतरही कुणाच्या तरी हाती जाणार आहे. त्या माणसाला नुसता अंक मिळाला तर तो पुन्हा आपल्याच वादात अडकेल. कारणासह मिळाला, तर त्याच्या काळचे पेट्रोल पाहून तो आपले उत्तर स्वतः काढू शकेल. (धागा समाप्त)