भुताला पोट नाही!

आमचे चिरंजीव, वय वर्षे सात. परवा सुट्टीत त्यांनी एकट्याने बसून 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान' हा २०१२ सालचा कार्टूनचा बोलपट पाहिला. लाडू खाऊन बळ आणणारा ढोलकपूरचा भीम, सोनापुरात शापाने कोंडलेला दमयान, आणि तो सुटल्यावर भीमाने हजार वर्षे मागे मारलेली उडी! "काय ही हैदराबादेत रंगवलेली भुतावळ!" मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल असे नाक मी मुरडले.

रात्री चिरंजीव माझ्या पांघरुणात शिरले.

"बाबा, दमयान परत आला तर?"

"अरे, ते चित्र आहे," हे त्यांना पटेना. वर्ग गप्प बसवणारा मी, एका पोरापुढे निरुत्तर!

तेव्हा आजी आठवली. याच देवळाली प्रवरेत, याच घरात, दिवे गेले की ती राहूची गोष्ट सांगे. प्रवरेच्याच काठी, नेवाशाला मोहिनीने अमृत वाटले. राहू चोरून पंगतीत बसला. विष्णूने चक्राने त्याचे मुंडके उडवले. आपल्या राहुरीचे नावही त्याच्यावरूनच पडले, असे लोक म्हणतात.

"मग मेला?"

"छे! अमृत घशापर्यंत पोचले होते ना! अजून ग्रहणात चंद्र गिळतो."

माझा हात घट्ट धरला गेला. "मग?"

"मग काय? खाली पोटच नाही. चंद्र गळ्यातून बाहेर!"

चिरंजीव खदखदून हसले आणि पाच मिनिटांत झोपले.

मी मात्र जागाच. भूत नसते, असे आजीने कधी सांगितलेच नव्हते. त्याला पोट नाही, एवढेच सांगितले. आणि सांगताना ती शेजारी होती. पुढचा बोलपट आता दोघांनी मिळून पाहायचा, असे ठरवून मीही पांघरूण ओढले.