‘मुद्दाम केले नाही’ एवढे पुरेसे नसते

विद्यालयाच्या मैदानाविषयी स्मरणिकेत लिहावयाचे म्हटले की ढाली, चषक आणि कार्यालयातील भिंतीवरची छायाचित्रे प्रथम डोळ्यांपुढे येतात. आम्ही मात्र येथे एका हरलेल्या सामन्याविषयी लिहिणार आहोत. त्या सामन्याने आम्हांला सॉफ्टबॉलचा एक नियम शिकविला. तो शिकण्यास आम्हांला फार उशीर झाला होता, ही गोष्ट आजही सलते.

सामना विभागीय पातळीवरचा, सतरा वर्षांखालील मुलींचा होता. सातवा आणि अखेरचा डाव चालू होता. आपला संघ एका रनने मागे होता, दोन खेळाडू बाद झाल्या होत्या आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर आपल्या रनर उभ्या होत्या. आपल्या मुलीने चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपच्या दिशेने मारला. दुसऱ्या बेसवरून धावत निघालेली आपली रनर नेमकी त्या शॉर्टस्टॉपच्या पुढ्यात आली, क्षणभर गोंधळून थबकली आणि मग पुढे पळाली. धक्का लागला नाही, स्पर्शही झाला नाही. शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू निसटून मागे मैदानात गेला आणि दोन्ही मुलींनी होम प्लेट गाठली. आम्ही जल्लोष सुरू केला, तोवर पंचांनी दोन्ही हात वर करून ‘डेड बॉल’ पुकारला होता. रनर बाद ठरली, तिसरा बळी गेला, रन मोजले गेले नाहीत आणि सामना संपला.

ती मुलगी रडत एकच वाक्य म्हणत होती, “मी मुद्दाम केलं नाही.” तिचे म्हणणे खरे होते. ते ऐकून पालक पुढे सरसावले. आम्ही माजी विद्यार्थी म्हणून तेथे उपस्थित होतो. पालकांना आवरण्याऐवजी आम्हीच पंचांना घेराव घातला. पंचांनी शांतपणे सांगितले, “तिने मुद्दाम केले असे मी म्हटलेलेच नाही.” त्या वाक्याचा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला नाही. परतीच्या एसटीत सर्वांच्या तोंडी ‘अन्याय’ हाच शब्द होता. पुढे आमच्यापैकी काहींनी पंच म्हणून उभे राहण्यासाठी नियमांचे पुस्तक हाती घेतले, तेव्हा उमगले की निर्णय अचूक होता आणि अज्ञान आमच्या पदरी होते.

नियम असा आहे. टोलवलेला चेंडू अडविण्याच्या प्रयत्नात असलेल्या क्षेत्ररक्षकाला रनरने अडथळा आणला, तर तो रनर बाद होतो. याला मैदानावर ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात. चेंडू त्याच क्षणी मृत होतो आणि बाकीच्या रनरना त्या क्षणापूर्वी ज्या बेसला स्पर्श केला असेल तेथे परतावे लागते. यात अडथळ्याला स्पर्शाची अट नाही आणि हेतूचीही नाही. वाट सोडण्याची जबाबदारी सर्वस्वी रनरवर आहे. त्यासाठी नियमाने त्याला मोकळीकही दिली आहे. अशा क्षेत्ररक्षकाला टाळण्यासाठी रनर आपली वाट सोडून त्याच्या पुढून वा मागून वळसा घालून गेला, तर वाट सोडली म्हणून त्याला बाद देत नाहीत. आपली मुलगी दोन पावले मागून वळली असती, तर आमचा सामना निदान जिवंत राहिला असता. ही मोकळीक आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

नियम हेतू का विचारत नाही? सॉफ्टबॉलचा जन्म 1887 साली शिकागोत झाला तो बंदिस्त सभागृहात; आटोपशीर जागा हा या खेळाचा स्वभावच आहे. दोन बेसमधील अंतर 60 फूट, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही 6 फुटांनी कमी. एवढ्या जागेत चेंडूवर नजर खिळवून धावणारी क्षेत्ररक्षक आणि बेसवर नजर लावून धावणारी रनर यांच्या वाटा एकमेकींना छेदणारच. अशा वेळी एकीला तरी वाट सोडावी लागेल. जिला चेंडूकडे पाहणे भागच आहे, तिने समोरचे माणूस कसे पाहावे? म्हणून जिला पाहता येणे शक्य आहे, तिच्यावर नियमाने भार टाकला.

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. भोजनगृहात दोघे जण कढत आमटीचे पातेले घेऊन येत असले, की बाकीच्यांनी बाजूला व्हायचे असा आपला अलिखित दंडक होता. कोणी वाटेत आला आणि आमटी सांडली, तर “माझं लक्ष नव्हतं” हे उत्तर वॉर्डन सरांपुढे चालत नसे. लक्ष असणे हेच त्याचे काम होते. मैदानावरचा हा नियम त्याहून निराळा नाही.

मात्र हा नियम आंधळा नाही. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू पळत्या रनरला नुसता लागला, तर रनर बाद होत नाही. तेथे त्याने हात उंचावणे, वाट बदलून आडवे येणे अशी काही कृती केली का, हे पंच पाहतात. बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या रनरला टोलवलेला चेंडू लागला, तरी मुद्दाम अडविल्याखेरीज तो बाद नसतो. उलटपक्षी, दुहेरी बळी टाळण्यासाठी रनर जाणूनबुजून आडवा आला, तर त्याच्यासोबत आणखी एक साथीदार बाद होतो. जेथे रनरला चेंडूपासून सुटता येणे अवघड, तेथे सवलत. जेथे लबाडी उघड, तेथे अधिक शिक्षा. अशी ही विचारपूर्वक केलेली मांडणी आहे.

जबाबदारी एकट्या रनरचीही नाही. ज्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू नाही आणि जो चेंडू अडविण्याच्या प्रयत्नातही नाही, त्याने रनरची वाट रोखली, तर तो ‘ऑब्स्ट्रक्शन’ होतो. तेव्हा पंच डावा हात आडवा धरतात, खेळ चालू राहतो आणि अडथळा नसता तर रनर जेथे पोहोचला असता ते बेस त्याला नंतर मिळते. हातात चेंडू नसताना रनरला बाद करण्याचा खोटा आव आणणे हेही यातच मोडते. पहिल्या बेसला जोडून फाउलच्या बाजूस दुसऱ्या रंगाचे सुरक्षा बेस ठेवतात, तेही याच विचाराने: एक जागा क्षेत्ररक्षकाची, एक धावणाऱ्याची. नियम दोघांनाही सांगतो की मैदानावर तुम्ही एकटे नाही.

येथे काही पालक विचारतील, आणि आम्हांलाही विचारले गेले आहे, की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एवढी कठोर शिक्षा कशासाठी? राज्यपातळी गाठली की दहावीच्या क्रीडा गुणांची आशा असते. पुढे शासकीय नोकरीतील 5 टक्के क्रीडा आरक्षणाकडेही कित्येक घरे डोळे लावून असतात. शेतमजुराच्या घरातील मुलीसाठी एक सामना केवळ सामना राहत नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही त्याच घरांतून आलो आहोत. पण समोरच्या संघातील शॉर्टस्टॉपही कोणाची तरी लेक होती. तिनेही भल्या पहाटे उठून सराव केला होता. तिच्या हातून निसटलेल्या चेंडूवर आपण जिंकलो असतो, तर आज दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या स्मरणिकेत अन्यायाची गोष्ट छापली गेली असती.

पंचांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. नियम चुकीचा लावला, तर त्याविरुद्ध रीतसर हरकत घेता येते, पण ती पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी नोंदवावी लागते. अडथळा झाला की नाही, हा मात्र पंचांच्या नजरेचा निर्णय असतो आणि त्यावर हरकत चालत नाही. पंच चुकत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. स्वतः उभे राहिल्यावर आमच्याही चुका झाल्या आणि त्या रात्री झोप लागली नाही. परंतु निर्णयाचा नेमका आधार कोणता, हे विचारण्याइतके ज्ञान ज्या संघाजवळ असते, त्याला घेराव घालावा लागत नाही. ज्याला नियम ठाऊक नाही त्याच्यापाशी आरडाओरडा एवढेच साधन उरते. आमच्यापाशी त्या दिवशी तेवढेच होते.

म्हणून विद्यालयाला आमची तीन विनंतीवजा सूचना आहेत. सॉफ्टबॉलच्या प्रत्येक खेळाडूला बॅट हाती देण्यापूर्वी रनर आणि क्षेत्ररक्षक यांची कर्तव्ये मराठीत समजावून सांगावीत, आणि मैदानात प्रत्यक्ष धावून ती दाखवावीत. सरावाच्या सामन्यांत प्रत्येक मुलामुलीला आळीपाळीने पंच म्हणून उभे करावे. आपल्याच मैत्रिणीला बाद देण्याची वेळ आली की पंचाचे ओझे कसे असते ते कळते. आणि स्पर्धेला निघण्यापूर्वी सोबत येणाऱ्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना अर्धा तास बसवून हेच नियम सांगावेत. त्या वर्गात पहिल्या रांगेत बसण्यास आम्ही तयार आहोत.

ती मुलगी आज एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मध्यंतरी भेट झाली तेव्हा आम्ही त्या दिवसाबद्दल तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “सर, मी माझ्या मुलींना पहिल्या दिवशी बॅट देतच नाही. आधी वळसा घालून पळायला शिकवते.” आम्ही तिला नियम शिकविला नाही, तिने तो हरून शिकला. पुढच्या मुलींना तो हरण्याआधी मिळावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.