विश्लेषण : अंडाशयाच्या कर्करोगात गाठीतल्या पेशी काय सांगतात?

अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पुढे काय? त्याचे उत्तर केवळ आजाराच्या टप्प्यावरून मिळत नाही. एकाच टप्प्यातील दोन महिलांपैकी एक अनेक वर्षे जगते, तर दुसरीला आजार लवकरच पुन्हा गाठतो. हा फरक आधी सांगू शकणारी खूण म्हणजे बायोमार्कर.

टी पेशींचे महत्त्व काय?

२००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बळावलेल्या आजारातील १८६ गाठींचे नमुने तपासले. गाठीत रोगप्रतिकारक टी पेशी शिरलेल्या महिलांपैकी ३८ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होत्या. टी पेशी नसलेल्यांमध्ये हे प्रमाण होते अवघे ४.५ टक्के. मात्र, सगळ्याच टी पेशी मदत करत नाहीत. 'नियामक' टी पेशी प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. त्यामुळे कोणत्या पेशी किती, हे गुणोत्तर महत्त्वाचे.

मग इम्युनोथेरपी का नाही?

या आजारातील बहुतेक मोठ्या चाचण्यांत तिचा अपेक्षित फायदा दिसला नाही. चांगली खूण सापडली म्हणजे औषध सापडले, असे नाही.

रोज नवा बायोमार्कर?

खुल्या जनुकीय डेटावर संगणकाने विश्लेषण करून नवनवे बायोमार्कर जाहीर होतात. हजारो जनुके आणि काहीशे रुग्ण असले, की योगायोगानेही काही ना काही जुळतेच. दुसऱ्या रुग्णालयातील, दुसऱ्या रुग्णांवर तेच दिसले तरच त्यावर विश्वास ठेवावा. भारतीय महिलांवर पडताळणी झाली का, हेही विचारायला हवे.

आज उपयोगाचे काय?

बीआरसीए जनुक चाचणी. त्यात दोष आढळल्यास ओलापरिबसारखी औषधे उपयोगी पडतात, शिवाय बहीण-मुलीलाही वेळीच सावध होता येते. सीए-१२५ ही रक्तचाचणी उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी चांगली. पण मासिक पाळी, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड यांतही ती वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. लक्षणे नसलेल्या महिलांची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने नियमित तपासणी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. तरीही हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती चाचणी सर्रास विकली जाते. हे थांबायला हवे.

पोट सतत फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला होणे असा त्रास काही आठवडे टिकला, तर पॅकेज शोधू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि निदान झालेच असेल, तर बीआरसीए चाचणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.