चाकरमान्यांनो, पिंजऱ्याआधी पाखाडीवर दिवे लावा

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठकांना ऊत येतो. एसटीच्या जादा गाडीचं गट आरक्षण, दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं, देवळाच्या पत्र्याची वर्गणी. अलीकडे या विषयांत बिबट्याचीही भर पडली आहे. कुणाच्या मोबाइलवर पाखाडीवरून जाणाऱ्या बिबट्याचा व्हिडिओ असतो, कुणाच्या चुलत्याची शेळी गेलेली असते. मग ठराव होतो: वन खात्याला पत्र द्या, पिंजरा लावा, धरून लांब नेऊन सोडा. खाली ‘मुंबई मंडळ’ असा शिक्का.

हे आवाहन त्या शिक्क्यामागच्या माणसांना आहे. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे आणि वर्गणीला त्याहून जास्त. म्हणूनच ते वजन कुठे टाकायचं याचा विचार करा.

बिबट्या धरून लांब सोडण्याचा प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला आहे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात २००१ ते २००३ या काळात कितीतरी बिबटे पकडले गेले. त्यांतल्या अनेकांनी माणसाला नखही लावलेलं नव्हतं, ते फक्त शेताजवळ दिसले होते. त्यांना दूरच्या जंगलांत सोडलं. माणसांवरचे हल्ले त्यानंतर कमी व्हायला हवे होते, ते वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. कारण समजायला अवघड नाही. बिबट्या आपला इलाखा धरून राहतो. त्यातली पायवाट, ओढा, कुठल्या घराला कुत्रं आहे, माणसं कधी निजतात, हे सगळं त्याला पाठ असतं आणि त्या माहितीवरच तो माणसाला टाळतो. अनोळखी मुलखात टाकलेल्या, घाबरलेल्या जनावराला यातलं काही ठाऊक नसतं. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या शिरतो, बहुधा तरणा आणि अननुभवी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही बाहेरून आणलेले बिबटे सोडले गेले होते आणि २००४ च्या जूनमध्ये तिथे भोवताली एकामागून एक माणसं दगावली.

यावर कुणी म्हणेल, मग शिरूरचं काय? रास्त प्रश्न आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात तीन बळी गेले आणि अखेर बिबट्याला गोळी घालावी लागली. माणसावर हल्ले सुरू झाले तर पिंजरा, प्रसंगी गोळी, यांबद्दल माझं दुमत नाही. पण तो निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने होतो, मंडळाच्या ठरावाने नाही. आणि पाखाडीवर एकदा दिसलेला बिबट्या म्हणजे शिरूर नव्हे. त्याचं दिसणं हा गुन्हा नाही. १८२२ साली मलबार हिलवर वाघ आला होता आणि गोवालिया टँकवर पाणी पिऊन गेला, अशी जुनी नोंद आहे. गिरगावकरांनीही फार नाकं मुरडू नयेत.

आता वर्गणीचं. पहिला खर्च उजेडाचा. देवळाकडून वाडीकडे येणारी पाखाडी, विहिरीची वाट, शाळेची वाट इथे दिवे लावा आणि दोन्ही बाजूंचं रान वर्षातून दोनदा साफ करून घ्या. दुसरा खर्च गोठ्याचा. कुडाची भिंत आणि अर्धवट दार असलेल्या गोठ्यातून शेळी उचलणं बिबट्याला मुळीच कठीण नाही. पक्कं दार, वर जाळी, एवढ्यावर भागतं. तिसरा खर्च, जो बैठकीत कुणाला सुचत नाही, तो संडासाचा. म्हातारी माणसं रात्री अंगणाच्या टोकाला जातात. उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याच्या नजरेला माणूस वाटतच नाही, ते लहान जनावर वाटतं. घराला लागून संडास, त्यात दिवा, हे नव्या कमानीपेक्षा मोलाचं आहे. कमानीवर देणगीदारांची नावं येतात आणि संडासावर येत नाहीत, ही अडचण मला कळते.

शेळी गेली असेल तर नुकसानभरपाई मिळते. मात्र मेलेलं जनावर पुरून न टाकता लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा होऊ द्या. मुंबईत बसून अर्ज नीट लिहून देणारा एक जण प्रत्येक वाडीला असतो. त्याला कामाला लावा.

गणपतीचे दिवस म्हणजे रात्रीचं फिरणं. या घरची आरती, त्या घरचं भजन, मध्ये काळोखी मळी. चौघांनी मिळून चाला, बॅटरी पेटलेली ठेवा, मोठ्याने बोला. मृदंग आणि टाळ असलेल्या टोळीच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. मागे रेंगाळणारं पोर तेवढं सांभाळा, लहान मुलं मध्ये. मुंबईची मुलं काळोखात अंगणाबाहेर धावतात, कारण चाळीच्या गॅलरीत त्यांना कुणी अडवलेलं नसतं. २०२२ च्या दिवाळीत मुंबईतल्या आरे कॉलनीत दीड वर्षाचीही नसलेली मुलगी पहाटे आईच्या मागोमाग घराबाहेर आली आणि बिबट्याने तिला नेलं. हे वाचून भीती वाटली तर वाटू द्या. बॅटरीचा फायदा दुहेरी आहे, कारण कोकणात फुरशापासूनचा धोका बिबट्यापेक्षा कितीतरी मोठा. परळकरांना सर्पदंशावरचं प्रतिविष काय ते वेगळं सांगायला नको, हाफकिन संस्था त्यांच्या दारात आहे.

गौरी-गणपती आटोपल्यावर मटणाचा बेत होतो. हाडं, कातडी, कोंबडीची पिसं घरामागच्या घळीत फेकू नका. त्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हा कचरा पुरा. अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं राखणीला ठेवलंय असं आपण समजतो. खरं तर ते बिबट्याला आयतं सावज असतं. रात्री त्याला आत घ्या.

आणि बिबट्या समोर आलाच तर? पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका. मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घ्या, पण उचलताना नजर बिबट्यावर. हात वर करा, आवाज चढवा, हळूहळू मागे सरका आणि त्याची निघून जायची वाट मोकळी ठेवा. अंगावर आलाच तर हातात असेल त्याने प्रतिकार करा. २०२१ मध्ये आरेत एका वयस्कर बाईंवर त्यांच्याच ओट्याशी पाठीमागून झडप पडली. त्यांनी आधाराच्या काठीने बिबट्याला हाकललं. ते दृश्य कॅमेऱ्यात टिपलं गेलं आहे.

बरीच माणसं जखमी होतात ती बघ्यांच्या गर्दीत. बिबट्या विहिरीत पडला की अख्खी वाडी काठावर, त्यात मुंबईहून आलेली तरुण मंडळी मोबाइल घेऊन सर्वांत पुढे. ओरडा नको, दगड नको. घरात शिरला असेल तर माणसं बाहेर काढा, दार ओढून कडी लावा, लांब थांबा. डुकरासाठी लावलेल्या फासकीत अडकलेला दिसला तर सोडवायला जाऊ नका. पिल्लं सापडली तर हात लावू नका. आई बहुधा जवळच असते.

दादर-परळच्या ट्रेकर मंडळींनाही हेच. आता तुम्ही सह्याद्री सोडून लडाखला जाता. तिथे नुब्राच्या बाजूला कानांवर काळे झुपके असलेला लिंक्स हा मार्जारकुळातला प्राणी दिसू शकतो. तो माणसापासून दूर राहणारा प्राणी आहे. त्याच्यामागे गाडी घालून रील काढू नका. बिबट्याप्रमाणेच त्यालाही कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

बिबट्याची नखं-दात लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना भरू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रेबीजची लस घ्या, कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही मागा. मुंबईला परत येऊन केईएममध्ये दाखवू म्हणून थांबू नका. वन खात्याचा टोल-फ्री क्रमांक १९२६. फोनवर जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि जवळची खूण सांगा. ‘आमच्या गावी’ म्हटल्याने गाडी निघत नाही.