मणक्यातली गादी आणि गाडीतली गादी

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, पेनाने एका जागी टकटक केलं आणि म्हणाले, "चौथ्या आणि पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय. काम काय करता?" म्हटलं, सॉफ्टवेअर. त्यावर ते नुसतं "हं, मग बरोबर" म्हणाले. अस्मादिक एखाद्या साथीच्या रोगाचे पेशंट असावेत तसे!

हापिसातल्या खुर्चीचा प्रश्न एचआरला दोन मेल आणि एक सर्टिफिकेट पाठवून सुटला. गाडीचा सुटेना. आई कोल्हापूरला एकटी असते. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, महिन्यातून दोनदा. गेल्या पावसाळ्यात कराडच्या अलीकडे डाव्या पायात अशी कळ गेली की क्लच दाबवेना. एका ढाब्यावर गाडी लावली आणि बाजेवर अर्धा तास आडवा पडून राहिलो. आईला कळल्यावर फोनवर म्हणाली, "तू येऊ नकोस रे बाबा, मी बरी आहे." ज्यांच्या आया गावी एकट्या राहतात त्यांना 'मी बरी आहे'चा अर्थ वेगळा सांगायला नको.

तर माझी गाडी म्हणजे ऐसपैस सेडान. सीट अगदी सोफ्यासारखी. घेताना त्या मऊपणावरच भाळलो होतो. म्हणून एका मित्राने त्याच्या नव्या, स्पोर्ट्स सीटवाल्या हॅचबॅकची चावी पुढे केली तेव्हा मी म्हटलं, "अरे, पाठीचं हे असं, आणि तू मला बादलीत कुठे बसवतोस?" तरी बसलो. जुन्या कात्रज घाटातून पलीकडे जाऊन परत आलो. दीड तासाने उतरलो तेव्हा पाठ दुखत होती, पण रोजच्यापेक्षा कमी! इंजिनियर माणूस, कारण शोधल्याशिवाय झोप येणार कशी?

कारण तसं सोपं आहे. सपाट, मऊ सीटवर प्रत्येक वळणाला आपण बाजूला कलंडतो आणि स्वतःला सरळ धरायचं काम कमरेचे स्नायू करतात. पत्ताही लागत नाही, पण चार तास ते ओव्हरटाइम करत असतात. बकेट सीटच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे हे काम अंगावर घेतात. दुसरं म्हणजे मऊ फोममध्ये बूड खाली रुततं, कमरेचा आतला बाक सपाट होतो आणि आपण कुबड काढून बसतो. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे संशोधकांनी एका माणसाच्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. आरामात उभं असताना सुमारे ०.५ मेगापास्कल, पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३ आणि खुर्चीत मागे रेलून बसल्यावर ०.२७. सँपल साइज एक, त्यामुळे त्यावर धर्म स्थापन करू नये. पण पाठीला मागे भक्कम टेकू मिळाला की चकतीवरचा भार उतरतो, हे स्वीडनमधल्या १९७० च्या दशकातल्या मोजमापांतही दिसलं होतं.

तिसरी गोष्ट कंपनांची. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेने ५ हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त डोलतं. नेहमीची फोमची सीट साधारण त्याच पट्ट्यात धक्के कमी करायच्या ऐवजी वाढवते. म्हणजे जो मऊपणा आपण 'कम्फर्ट' म्हणून पैसे मोजून घेतो, तोच खड्ड्याला वर व्याज लावून पाठीपर्यंत पोचवतो!

रेकारोचंच उदाहरण घ्या. स्टुटगार्टच्या रॉयटर नावाच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्यातून ही कंपनी निघाली. १९६३ साली बॉडीचा धंदा पोर्शने घेतला, उरलेल्यांनी 'रॉयटर' आणि 'कारोसरी' यांची अक्षरं जोडून नवं नाव केलं आणि १९६५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात स्पोर्ट्स सीट मांडली. याच कंपनीने पुढे पाठदुखीवाल्यांसाठी ऑर्थोपेडिक सीट्सही काढल्या. रॅलीच्या ड्रायव्हरला आणि माझ्यासारख्या सरकलेल्या गादीवाल्याला हवं असतं ते एकच: कोणीतरी घट्ट धरून ठेवावं.

पण थांबा, लगेच सीट बदलायला पळू नका. मी पळालो होतो. अॅक्सेसरीवाला म्हणाला, "सर, दोन तासात बसवून देतो, एकदम रेसिंगवाली." नशिबाने मॅन्युअल उघडून बघितलं. माझ्या गाडीत साइड एअरबॅग सीटच्या पाठीतच आहे, बऱ्याच गाड्यांत असते. सीट काढली की ती एअरबॅगही गेली. पाठ वाचवायला बरगड्या पणाला लावायच्या, हा काही शहाण्याचा सौदा नाही.

शिवाय 'बकेट' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, खऱ्या रेसिंगची एकसंध कवचासारखी सीट. तिची पाठ मागे-पुढे होत नाही. ते कवच तुमच्या अंगाला बसलं तर स्वर्ग, नाही तर शिक्षा. दुसरी, उंचवटे असलेली पण पाठ, उंची आणि कमरेचा आधार बदलता येणारी स्पोर्ट्स सीट. आपल्याला हवी ती दुसरी. त्यातही रुंदी महत्त्वाची. उंचवटे मांड्यांत रुतायला लागले तर पायाची कळ वाढेलच.

आणि चढ-उतार! बसल्यावर मिळालेलं सुख उतरताना वसूल होतं. बुटकी गाडी, उंच कड, त्यावरून एक पाय बाहेर टाकून कंबर पिळायची... सरकलेल्या गादीला याहून वाईट व्यायाम नाही. आधी बूड टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, उतरताना बरोबर उलटं. लोक हसतात. हसू देत.

म्हणून माझं मत असं: पाठदुखीवाल्याने स्पोर्ट्स कारची सीट घ्यावी, स्पोर्ट्स कार घेऊ नये. कडक सस्पेन्शन आणि पातळ टायर आपल्या रस्त्यांवर सीटने कमावलेलं सगळं घालवतात. साध्या, जरा उंच गाडीत कंपनीनेच बसवलेली चांगली स्पोर्ट्स सीट, हे खरं कॉम्बिनेशन. आणि शोरूममध्ये वीस मिनिटं नुसतं बसा. मी बसलो होतो. सेल्समन बिचारा चार वेळा "सर, टचस्क्रीन बघा ना" म्हणाला. जिच्यावर रोज दोन तास बसायचं ती वस्तू आपण दोन मिनिटंही तपासत नाही, आणि स्क्रीन किती इंची ते मात्र तोंडपाठ!

नवी गाडी घेईपर्यंत माझा जुगाड साधा आहे. कमरेच्या बाकात गुंडाळलेला टॉवेल, सीटची पाठ जरा मागे, मागच्या खिशातलं पाकीट डॅशबोर्डवर आणि दर तासाला खाली उतरून पाच मिनिटं चालणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण चार तास न हलता बसायला बरी पडेल अशी सीट मला तरी अजून भेटलेली नाही. पायाला मुंग्या येत असतील तर सीट नव्हे, आधी डॉक्टर गाठा.

गेल्या शनिवारी कोल्हापूरला जाऊन आलो. चार वेळा थांबलो, तासभर उशीर झाला. आईने दारातच विचारलं, "पाठ?"

म्हटलं, "मी बरा आहे."

तिचा विश्वास बसला नाही. वाक्य तिचंच आहे ना! असो. पण बाज लागली नाही, एवढं खरं.